आडोशाला कोणी हाक मारली?

धुंडाळ्या आडोशाच्या अगदी पुढ्यात उभा होता. जरा मान वाकवली असती, तर त्याचं धातूचं कपाळ आडोशाच्या पितळी काठावर टण्णकन आपटलं असतं. तरीही तो नेहमीच्या अदबशीर आवाजात म्हणाला, “क्षमा असावी. तुम्हाला हवी तशी वस्तू हाटात सापडली नाही.”

“तुम्हाला काय म्हणतोस रे? मी शाल्मली आहे.”

“आत्ता तू गिऱ्हाईक झाली आहेस ना? गिऱ्हाइकाला मी अहो-जाहो करतो.”

शाल्मलीने कपाळाला हात लावला. युक्ती तिचीच होती. आपण कुठल्यातरी लांबच्या गावचं गिऱ्हाईक आहोत असं धरून तिने विचारलं होतं, “देवापुढचा दिवा वाऱ्याने विझू नये म्हणून काही मिळेल का?” धुंडाळ्याच्या डोक्यावरची हिरवी पट्टी लुकलुकली. त्याने सगळा हाट पालथा घातला. कंदील दाखवले, विजेवरच्या समया दाखवल्या, खिडक्यांचे पडदेसुद्धा दाखवले. फक्त त्याच्या नाकासमोर ठेवलेला, आत्याने घडवलेला दिव्याचा आडोसा तेवढा दाखवला नाही.

डोळ्यांसमोर असलेली वस्तू सापडत नाही, म्हणजे झालं तरी काय?

सडेवाडी हे गाव उंच पठारावर, पवनचक्क्यांच्या रांगांमध्ये वसलेलं. तिथे वारा पाहुण्यासारखा येत-जात नाही, घरच्या माणसासारखा कायमचा राहतो. गावाच्या टोकाला पोचघर होतं. सामान वाहणारे ड्रोन तिथे उतरायचे आणि तिथेच नवहाटाचा (घरबसल्या खरेदी-विक्री करायच्या ऑनलाइन बाजाराचा) हा यंत्रमानव राहायचा. कोणाला काही विकायचं असलं की तो वस्तूचे फोटो काढून हाटात मांडायचा, कोणाला काही हवं असलं की शोधून द्यायचा. सारखा धुंडाळत असतो म्हणून पोरांनी त्याचं नाव धुंडाळ्या ठेवलं होतं. त्याच्या गळ्यात वासराची घंटाही त्यांनीच बांधली होती, आणि त्याने ती काढली नव्हती.

शाल्मलीची आई दक्षिण समुद्रातल्या एका संशोधन जहाजावर होती. वडील पवनचक्क्यांची देखभाल करायचे, म्हणजे अर्धा दिवस वरच. शाल्मलीला वाढवलं ते प्राजक्ताआत्याने. आत्या आपल्या आजोबांकडून तांबटकाम शिकली होती. पितळेचा पत्रा तिच्या हातात कणकेसारखा वळायचा. सकाळी तुळशीला पाणी, संध्याकाळी दिवा, सोमवार, शुक्रवार, संकष्टी, सगळं ती न बोलता, न मिरवता करत असे. आवाज इतका हळू, की तिला ऐकायचं तर आपण गप्प बसावं लागे. आणि घरात अशुभ शब्द चालत नसे. तांदूळ ‘संपले’ नाहीत, ते ‘भरायला झाले’. कुंकू ‘वाढलं’. दिवा तर कधीच ‘विझला’ नाही. तो ‘शांत झाला’. शाल्मलीने आज हा शब्द मोठ्याने उच्चारला, तो आत्या पोचघरात नव्हती म्हणून.

नवरात्रात घरोघरी देवीपुढे अखंड दिवा तेवत ठेवतात. सडेवाडीच्या वाऱ्यात ते अवघड काम. दारं लावली तरी कौलांमधून झुळूक यायचीच. म्हणून आत्याने आडोसा केला. पितळेची दोन नळकांडी, एकात एक बसवलेली, पुढे काचेची खिडकी. बाहेरच्या नळकांड्याला खालच्या बाजूला भोकं, आतल्यालाही भोकं, पण एकमेकांसमोर नाहीत.

“दिव्याला हवा हवी असते, वारा नको असतो,” आत्या सांगायची. “हवेतल्या प्राणवायूवाचून ज्योत जगत नाही. पण वारा जोरात आला, की वातीतून निघणारी तेलाची वाफ जळायच्या आतच उडून जाते. म्हणून मी वाऱ्याला वळण घ्यायला लावते. बाहेरच्या भोकातून तो आत शिरतो, समोर पत्रा लागतो, मग बाजूला वळतो, दमतो. ज्योतीपाशी पोचेपर्यंत त्याची नुसती हवा झालेली असते. तापली की ती वरच्या तोंडातून निघून जाते.”

शाल्मलीच्या बाबांनी पवनचक्कीचा वेगमापक (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) आणून आडोसा तपासला होता. बाहेर छत्री उलटेल असा वारा असताना आत ज्योत देवळाच्या कळसासारखी सरळ.

इतकी गुणाची वस्तू, पण गुढीपाडव्याला हाटात मांडल्यापासून ती कोणी घेतली नव्हती. एकाने तेवढं विचारलं होतं, यात पेनं उभी राहतील का?

परवा शाल्मलीने आत्याचं आणि बाबांचं बोलणं ऐकलं. आत्या म्हणत होती, “दादा, मी संकल्प केलाय. या नवरात्रात निदान एका परक्या घरातला दिवा माझ्या आडोशाने राखला, तर हे काम देवीला हवंय असं समजेन. नाहीतर आडोशाचा साचा तिच्यापुढे ठेवायचा आणि कराडच्या कारखान्यात रुजू व्हायचं. तिथे राहायला खोलीही देतायत.”

“आणि शालू?” बाबांनी विचारलं.

“तिला वसतिगृहात ठेवू. सुट्टीला येईल ना माझ्याकडे,” आत्या म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षाही हळू होता.

म्हणून शाल्मली आज पोचघरात येऊन गिऱ्हाईक झाली होती.

“मला नीट सांग,” ती धुंडाळ्याला म्हणाली, “तुला डोळे आहेत ना? मग हा आडोसा दिसत कसा नाही?”

“दिसतो की. पण हाटात शोधताना मी डोळ्यांनी शोधत नाही, शब्दांनी शोधतो. तिथे कोट्यवधी वस्तू आहेत. एकेक उचलून बघत बसलो, तर तू आजी होशील आणि नातवंडांना म्हणशील, थांबा रे, धुंडाळ्या अजून शोधतोय.”

“आणि फोटो?”

“फोटोवरून वस्तू दिसते कशी ते कळतं. ती कशासाठी आहे, ते दर वेळी कळत नाही. फोटोत मला काय दिसलं सांगू? भोकं पाडलेलं पितळी भांडं. मी त्याला कुंड्यांच्या दालनात ठेवलं.”

“कुंड्यांच्या?”

“मनीप्लांटच्या शेजारी. मला वाटलं, त्याला बरं वाटेल.”

शाल्मलीला हसू आवरेना. मग धुंडाळ्याने पोचघरातले सामान बांधायचे रंगीत दोरे काढले. भिंतीवरच्या तीन खुंट्यांवर त्याने तीन चिठ्ठ्या अडकवल्या. पितळ, पूजा, पाणी. खाली जमिनीवर चार वस्तू मांडल्या. तांब्या, घंटा, वातींची पुडी आणि पाण्याची बाटली. घंटा कुठून आणली? गळ्यातली काढून.

“आता प्रत्येक वस्तूला जो शब्द लागू पडतो, त्या खुंटीपासून तिच्यापर्यंत दोरा बांध.”

शाल्मलीने बांधले. तांब्याला तीनही खुंट्यांचे दोरे आले. घंटेला पितळ आणि पूजा. वातींना फक्त पूजा. बाटलीला फक्त पाणी.

“आता डोळे मीट, आणि पितळ खुंटीचे दोरे ओढ.”

ओढल्याबरोबर तांब्या खडखडला, घंटा वाजली.

“आता पाणी खुंटीचेही ओढ. दोन्ही दोऱ्यांनी कोण हललं?”

शाल्मलीने डोळे किलकिले करून पाहिलं. “फक्त तांब्या!”

“झालं. हाटाचा शोध म्हणजे एवढंच. खुंटीवरचा शब्द म्हणजे टॅग (वस्तू सापडावी म्हणून तिला जोडलेला शब्द). कोणत्या शब्दाचा दोरा कोणकोणत्या वस्तूंना बांधलाय, याची मांडणी मी आधीच करून ठेवतो. तिला शब्दसूची म्हणतात. गिऱ्हाईक शब्द उच्चारतं, म्हणजे दोरा ओढतं. ज्या वस्तूंना तो दोरा बांधलाय, त्या ओ देतात. बाकीच्या माझ्या पुढ्यात असल्या तरी मुक्या.”

“म्हणजे हाक मारल्यासारखंच की! शालू म्हटलं तर मी ओ देते. नुसतं ‘ए मुली’ म्हटलं तर गावातल्या सगळ्या मुली वळतील. आणि कोणी मला ‘चिमणे’ म्हणून हाक मारली, तर मी बघणारच नाही.”

“हे मी लिहून ठेवतो,” धुंडाळ्या म्हणाला. “माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंस.”

“मग आडोशाला कोणते दोरे बांधलेत?”

धुंडाळ्याच्या पट्टीवर अक्षरं उमटली. मंगल. कृपा. सौभाग्य. प्रसन्न. देवीआई.

शाल्मली आधी हसली, मग तिचा चेहरा पडला. आत्याने टॅगना लग्नपत्रिकेच्या माथ्यासारखं धरलं होतं! वस्तू परक्या घरी जाणार, तर तिच्यावर चांगले, शुभ शब्द असावेत, एवढाच तिचा भाव. पण मंगल म्हटलं की हाटात मंगळसूत्रं ओ देत होती, पत्रिका ओ देत होत्या, उदबत्त्या, पैठण्या, कसल्या कसल्या वस्तू. त्या गर्दीत आडोसा पार मागच्या रांगेत. आणि ज्याच्या घरात वाऱ्याने दिवा राहत नाही, तो ‘सौभाग्य’ म्हणून शोधेल कशाला?

एवढं कळल्यावर शाल्मलीने काय करावं? तिने जरा घाईच केली. आत्याच्या हाटखात्यावर घरातल्या कोणालाही टॅग बदलता यायचे. जास्तीत जास्त लोक जे शब्द शोधतात तेच लावून टाकावेत, असं तिने ठरवलं. क्रिकेट बॅट, चॉकलेट, पैठणी, पावसाळी बूट. गर्दीच्या रस्त्यावर दुकान थाटल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती धावतच पोचघरात शिरली. “आली का गिऱ्हाइकं?”

“पुष्कळ आली,” धुंडाळ्या म्हणाला. “आणि सगळी आल्या पावली परत गेली. एका लहान मुलाने लिहिलंय, ‘याची चव कशी आहे?’ एक बाई विचारतायत, ‘पदर दाखवा.’”

“अरे देवा!”

“आणखी एक वाईट बातमी आहे. हाट हे सगळं बघत असतो. शंभरजण आले आणि कोणीच थांबलं नाही, तर तो समजतो की या वस्तूने खोटी ओ दिली. मग क्रमवारीत (कोणती वस्तू आधी दाखवायची, त्या रांगेत) तिला आणखी मागे ढकलतो. काल ती मागच्या रांगेत होती. आज ती दाराबाहेर आहे.”

शाल्मलीला घरी जाऊन आत्याला सांगावंच लागलं. आत्या तेव्हा पत्र्याला कड वळवत होती. तिने हातोडी खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं.

“पदर दाखवा म्हणाली?” आत्याने विचारलं.

“हो.”

आत्याच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि गेलं. “शाले, आपण त्या बाईचा वेळ घेतला गं. तिच्या मनात साडी होती. दुसऱ्याच्या नावाने हाक आली आणि आपण ओ दिली, तर माणूस आपल्यावर पुन्हा विश्वास ठेवत नाही. माणसाचं तसंच बाजाराचं असणार.”

“धुंडाळ्यापण हेच म्हणाला.”

“बघ, लोखंडालाही कळतं.” आत्याने पुन्हा हातोडी उचलली. “खोटे शब्द काढून टाक. बाकी देवीची इच्छा.”

‘देवीची इच्छा’ म्हणताना आत्याने कपाटाकडे पाहिलं. कराडच्या कारखान्याचं नेमणूकपत्र त्यावर ठेवलेलं होतं. शाल्मलीनेही ते पाहिलं.

त्या रात्री अंथरुणावर ती विचार करत राहिली. मंगल हा शब्द फार मोठा. आडोसा हा शब्द फार घरचा, आत्याने स्वतः ठेवलेला, तो बाहेर कोणाला माहीत असणार? चॉकलेट खोटा. मग खरा, नेमका शब्द कोणता? तो आपल्या घरात बसून सुचायचा नाही. ज्याला आडोसा हवाय, त्याच्याच तोंडी तो असणार.

सकाळी दूरवर्गात (पडद्यावरून भरणाऱ्या, गावोगावच्या मुलांच्या वर्गात) मधल्या सुट्टीत तिने विचारलं, “ए, तुमच्याकडे देवापुढच्या दिव्याचं काय होतं रे?”

“काय होणार? तेल घालतात, लावतात,” लातूरचा निहाल चिंचेची गोळी चघळत म्हणाला.

“वाऱ्याने त्रास नाही होत?”

“वारा? आमच्या इमारतीत? खिडकी उघडली तरी पान हलत नाही. आमचं भांडण पंख्यावरून असतं. आजी म्हणते पंखा बंद करा, माझं निरांजन विझतंय. आजोबा म्हणतात, बंद केला तर मीच विझेन.”

सगळा वर्ग खदखदला. शाल्मली मात्र हसली नाही. तिच्या डोक्यात जणू पवनचक्कीचं पातं फिरू लागलं. पंखा! तिने आजवर वाऱ्याचाच विचार केला, कारण ती पठारावर राहते. पण शहरात वारा छतालाच टांगलेला असतो! आणि आणखी एक. निहालच्या आजीने ‘निरांजन शांत होतंय’ असं म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी संकष्टी होती. आत्याचा उपवास. संध्याकाळी पठारावर धुकं उतरलं, त्यामुळे चंद्र उगवला तरी दिसेना. दोघी ओट्यावर बसून वाट बघत होत्या. आत्याच्या हातात अर्घ्याची पळी, बाजूला मोदकांचं ताट, आणि आडोशात दिवा. वारा चहूबाजूंनी भिरभिरत होता, ज्योत हलत नव्हती.

“आत्या, एक मागू?”

“चंद्र दिसल्याशिवाय मोदक नाही.”

“मोदक नाही गं. एक शब्द हवाय. आडोशाला लावायला.” “दिवा विझतो, असा.”

आत्याने पटकन दिव्याकडे पाहिलं, जणू त्याने ऐकलं असावं. “शाले! देवीच्या वस्तूवर हा शब्द?”

“लोक हाच शब्द टाकून शोधतात, आत्या. निहालची आजीपण हेच म्हणते. ज्याच्या घरी दिवा नीट तेवतोय, त्याला आडोसा कशाला लागेल? जो घाबरलाय, तोच शोधणार. आणि घाबरलेलं माणूस चांगले शब्द निवडत बसतं का? ते म्हणणार, दिवा सारखा विझतोय, काय करू?”

आत्याने पळी ताटाच्या कडेला ठेवली. शाल्मलीला वाटलं, आपण चुकलो. धुक्यातून पवनचक्क्यांचा घुमणारा आवाज येत होता. मग आत्याच स्वतःशी बोलल्यासारखी म्हणाली, “मी हे व्रत इतकी वर्षं करते. काय गं नाव याचं?”

“संकष्टी.”

“म्हणजे नावातच संकट आहे. गणपतीला मी दर महिन्याला संकटाचं नाव घेऊनच हाक मारते, आणि कधी वाटलं नाही की हे अशुभ आहे.” तिने दिव्याची वात किंचित वर सारली. “कुठल्याही व्रताची कहाणी घे. आधी कोणावर काय दुःख आलं ते सांगतात, मग व्रत सांगतात. दुःखाचं नावच घेतलं नाही, तर ऐकणाऱ्याला कळायचं कसं, की ही कहाणी आपल्यासाठी आहे?”

“म्हणजे लावू?”

“घरात मी तो शब्द उच्चारणार नाही हां. ते माझ्या जिभेला जमणार नाही. पण दुसरं कोणी दारात येऊन तो शब्द उच्चारत असेल, तर दार बंद करून बसणं बरं नव्हे.” आणि ती उठून उभी राहिली. “तो बघ, दिसला.”

धुकं फाटलं होतं. चंद्र पवनचक्कीच्या पात्याआडून डोकावत होता.

मोदक तोंडात असतानाच शाल्मली फोनवर धुंडाळ्याशी बोलू लागली. हाटात मोजकेच टॅग लावता यायचे, म्हणून प्रत्येक शब्द पारखून घ्यायचा होता. आधी, वस्तू आहे तरी काय? नुसतं ‘दिवा’ लावलं तर लाखो दिव्यांच्या गर्दीत हरवेल.

“दोन-तीन शब्द एकत्र बांधले, की गर्दी कमी होते,” धुंडाळ्या म्हणाला. “तांब्या आठव.”

म्हणून ‘अखंड दिवा आडोसा’ असं बांधलं. कशाचा आहे, ते कळावं म्हणून ‘पितळ’. कधी लागतो, तर ‘नवरात्र’. आत्याने सुचवलं, “निरांजन, समई, दोन्ही घाल. कोणी काही म्हणतं, कोणी काही.” मग शाल्मलीने ‘पंख्याचा वारा’ घातलं. आत्याला ते पटेना. “देवघरात पंखा कसला?” पण निहालच्या आजोबांचं बोलणं ऐकल्यावर ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की पंखा राहिला.

शेवटची एक जागा उरली. फोन आत्याने हातात घेतला. चष्मा नाकावर सरकवला आणि एका बोटाने, सावकाश, एकेक अक्षर तपासत टाईप केलं. दिवा विझतो. मोठ्याने वाचलं मात्र नाही.

“आणि मंगल, कृपा?” शाल्मलीने विचारलं. “ते काढू?”

“काढ. आशीर्वाद चिठ्ठीवर नको, मी ते खोक्यात घालून देते.” आत्या खरंच प्रत्येक आडोशाच्या खोक्यात कापसाच्या वातींची पुडी आणि चिमूटभर कुंकू घालत असे.

मग वाट पाहणं आलं. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

“आपण दाराबाहेरून पुन्हा आत येतोय,” धुंडाळ्या समजावत होता. “चारजण आले. दोघं थांबून नीट बघत होते. हाट ते लक्षात ठेवतो. खरी ओ देणाऱ्या वस्तूला तो हळूहळू पुढे आणतो. हळूहळू या शब्दाला इलाज नाही.”

पण नवरात्र जवळ आलं होतं. आत्याने साचा घासूनपुसून लख्ख केला आणि देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवला. शाल्मलीला तो लख्खपणा बघवेना.

आणि एका दुपारी पोचघराकडून घंटेचा आवाज आला. धुंडाळ्या चक्क पळत येत होता. यंत्रमानव पळतो तेव्हा आधी डावा पाय, मग बराच विचार करून उजवा, अशी काहीतरी गंमत होते. दारात येऊन तो म्हणाला, “आत्याताई! हाक आली!”

चंद्रपूरहून एका माणसाचा आवाजी निरोप होता. धुंडाळ्याने तो लावला.

“नमस्कार. मी भास्कर. आमच्या आईला श्वासाचा त्रास आहे. पंखा बंद केला की तिला गुदमरतं. पण नवरात्रातला अखंड दिवा तिने उभ्या आयुष्यात चुकवलेला नाही. गेल्या वर्षी पंख्याने दिवा विझला, आणि ती दिवसभर जेवली नाही. यंदा म्हणते, पंखा बंदच ठेवा. मी तिला काय सांगू? रात्री हाटात सहज टाकलं, ‘पंख्याच्या वाऱ्याने दिवा विझतो’, आणि तुमची वस्तू समोर आली. खरंच चालेल का हो ही? आणि घटस्थापनेच्या आत पोचेल का?”

विझतो, विझला. तो शब्द आत्याच्या घरात दोनदा मोठ्याने उच्चारला गेला होता. शाल्मलीने घाबरत आत्याकडे पाहिलं. आत्याचे डोळे भरून आले होते, पण त्या शब्दाने नव्हे.

“पोचेल म्हणावं,” ती म्हणाली. “आणि त्यांना सांग, आईंचा पंखा बंद करू नका.”

धुंडाळ्याने निरोप पाठवला. आत्याने मात्र आडोसा लगेच खोक्यात भरला नाही. बाबांचा वेगमापक मागवला, घरातला पंखा मोठ्यात मोठ्या वेगावर लावला आणि आडोसा बरोबर त्याच्या खाली ठेवला. ज्योत थरथरली! पठाराचा वारा आडवा येतो, पंख्याचा वरून. वरचं उघडं तोंड आत्याने कधी झाकलंच नव्हतं.

“बरं झालं बाई, आधी बघितलं,” ती पुटपुटली. संध्याकाळपर्यंत तिने पितळेची छोटी टोपी घडवली. खाली बोटभर फट, म्हणजे तापलेली हवा बाजूने निघून जाईल आणि वरचा वारा टोपीवरून घरंगळेल. पुन्हा पंखा लावला. ज्योत सरळ. मग आडोसा खोक्यात गेला, सोबत वाती आणि कुंकू, आणि सकाळच्या ड्रोनमध्ये बसून पठारावरून खाली उतरला.

घटस्थापनेच्या संध्याकाळी आत्याने घट बसवले, दिवा लावला. बाबाही आज लवकर खाली उतरले होते. आरती झाली, इतक्यात चंद्रपूरहून चित्रफीत आली. एका लहानशा खोलीत खाटेवर एक म्हातारी बाई शांत झोपली होती. वर पंखा गरगर फिरत होता, त्याने तिचे पांढरे केस भुरभुरत होते. आणि कोपऱ्यात, देवीपुढे, आडोशाच्या काचेमागे ज्योत अगदी सरळ. फक्त पंख्याचा आवाज.

आत्याने ती चित्रफीत पुन्हा पाहिली. मग उठली, देव्हाऱ्यापासचा साचा उचलला आणि आपल्या कामाच्या पाटावर नेऊन ठेवला. कपाटावरचं नेमणूकपत्र तिने बाबांच्या हातात दिलं. “दादा, त्यांना नम्रपणे नाही म्हणून कळव. चांगली माणसं आहेत.”

शाल्मलीने आत्याला घट्ट मिठी मारली. आत्या म्हणाली, “अगं, दिव्याला धक्का लागेल.” पण तिने सोडवून घेतलं नाही.

थोड्या वेळाने शाल्मली प्रसादाची वाटी घेऊन पोचघरात गेली. धुंडाळ्याला खाता येत नाही, पण त्याच्यापुढे वाटी ठेवलेली त्याला आवडायची.

“मी एक गाठ बांधलीय,” तो म्हणाला. “आत्याताई म्हणतात दिवा शांत झाला, भास्कर म्हणतात विझला. दोघांचं दुःख एकच. या दोन शब्दांच्या खुंट्यांमध्ये मी दोरा बांधला. आता कोणीही कोणताही शब्द म्हणो, दोन्ही हलतील. अशा गाठी वाढत गेल्या, तर एक दिवस माणसाने कसंही विचारलं तरी हाटाला त्याच्या मनातलं कळेल.”

“मग टॅग लागणारच नाहीत?”

“लागतील. गाठी बांधायच्या तर आधी कोणीतरी विचारायला हवं, समोरचा याला काय म्हणत असेल? ते मला आपोआप सुचत नाही. मी आडोसा कुंड्यांत ठेवला होता, आठवतं ना?”

शाल्मली हसली. तिने भिंतीवरच्या मांडणीकडे पाहिलं. तिथे गावातल्या कितीतरी वस्तू विकायला ठेवल्या होत्या. खालच्या आळीच्या मंजुळाकाकींची करवंदाची सुकवलेली पोळी होती, धनगरवाड्यातली एक जाड, उबदार घोंगडी होती. सगळ्या गुपचूप बसलेल्या, कोणाच्यातरी हाकेची वाट बघत.

तिने घोंगडीवरून हात फिरवला. थंडीत कुडकुडणारं, कुठल्याशा लांबच्या गावातलं माणूस तिच्या डोळ्यांपुढे आलं. आणि मग आई आली, बर्फाच्या समुद्रातल्या जहाजावरची.

“धुंडाळ्या,” ती म्हणाली, “जहाजावर ज्याचे पाय रात्रभर गार राहतात, ते माणूस काय शब्द टाकून शोधेल रे?”

“मला ठाऊक नाही.”

“मलाही नाही,” शाल्मली म्हणाली. “उद्या आईला फोन करून विचारते.”